फेरफार

अर्गिरिस अक्षरावर पैसे घेतो.
पेरामाच्या गोदीत त्याची वही आहे,
तेलकट, सुतळीने बांधलेली:
तारीख, मालक, नाव, अक्षरं किती.
जहाजाचा सातबारा म्हणा हवं तर.
फक्त इथे जमीनच हलते
आणि तलाठी दोरीवर लोंबकळतो.

पहिली नोंद त्याच्या हातची नाही.
ती थेट पत्र्यावर आहे, वेल्डिंगच्या वळात,
बोट फिरवलं तर लागते: सिग्रिड.
हाउगेसुंडच्या एका म्हाताऱ्याने,
हेरिंगच्या पिंपांवर पैसा केलेल्या,
तीन जहाजं बांधली, तीन मुलींच्या नावांची.
एकशे आठ खोल्या, प्रत्येकीला आपापला समुद्र,
टेबलांवर खरी चांदी,
पियानो जमिनीला बोल्टांनी जखडलेला.
मग म्हातारा गेला, जावई आले,
आणि ताफ्याला फुटल्या बारा वाटा.

पान चौथं. पिरेअसचे दोघे भाऊ.
सिग्रिडची झाली थालिया, सहा अक्षरं.
रागनाची क्लिओ, चार. इंगरची एराटो, पाच.
भावांना चिमण्या निळ्या हव्या होत्या,
पण एकाला आकाशाची निळाई, एकाला पाण्याची,
म्हणून दोन जहाजं एका निळ्यात, एक दुसऱ्यात
आणि दोघे भाऊ कोर्टात.

पान नववं. हाम्बुर्गची बँक.
बँकेने नाव बदललं नाही. बँकेला नाव लागत नाही.
चिमणीवरचं चिन्ह तेवढं पुसून घेतलं
आणि बिल सहा महिने थकवलं.

पान अकरावं. फ्लोरिडाचा कुठलासा फंड.
माणूस कुणी आलाच नाही, आला रंगाचा एक आकडा
आणि नाव, कोरालिना. आठ अक्षरं, रोख.
छापील पत्रकात ताफा सात जहाजांचा होता,
परंपरा हा शब्द चौदा वेळा.
गोदीत उभं राहून मोजलं तर दीड:
एराटो कुठल्याशा खाडीत तरंगता जुगारखाना,
क्लिओ जळालेली, विम्याच्या भांडणात अडकलेली,
हिचंही एक इंजिन बंद.

प्रत्येक मालक म्हणाला, जुनं घासून काढ.
घासायचे पैसे वेगळे, असं अर्गिरिस म्हणाला
की प्रत्येक मालक म्हणाला,
राहू दे. वरून मार.

यंदा मार्चात शेवटचा मालक,
पत्त्याच्या जागी टपालपेटीचा नंबर.
समोरच्या तुर्की किनाऱ्यापर्यंतच न्यायचं,
अलिआगाच्या वाळूवर चढवून कापायचं.
एवढ्याशा वाटेला सबंध नाव कशाला?
पुढची दोन पूस, मागची दोन पूस.
उरली राली.

दोन अक्षरं पुसून झाली तेव्हा
खाली एक बाई उभी होती,
शहात्तर-सत्त्याहत्तरची, पायात चालायचे बूट,
हातात बेकरीची पिशवी.
मोडक्या इंग्रजीत त्याने विचारलं, कोण हवंय?
तिने वर बोट केलं.

पाळण्यातून तिला वर घेतलं. नियमात बसत नाही.
चार वाजताचं ऊन पत्र्यावर तिरपं आलं होतं
आणि सगळ्या रंगांखालून
वळ सावली धरून उभे होते.
तिने पहिल्या अक्षरावर हात ठेवला.
हे वाकडं आहे, म्हणाली. अजून.
तो म्हणाला, वाकडं माझं नव्हे, तुमच्या वेल्डरचं.
ती हसली. नऊ वर्षांची होते, म्हणाली,
बाटली पहिल्या फटक्याला फुटली नव्हती,
बाबा रागावले होते.
मग तिने विचारलं, रंग किती लागतो?
अर्गिरिसने लिटरमध्ये सांगितलं.

खाली उतरल्यावर तिने पिशवीतला पाव त्याला दिला.
तळहाताला लागलेला पांढरा रंग
तिने पुसला नाही, की तिच्या ध्यानात आलं नाही,
हे त्याला कळलं नाही.

उरलेली दोन अक्षरं त्याने अंधार पडायच्या आत पुसली.
वहीत लिहिलं: चार, अर्ध्या दराने.
त्याखाली एक ओळ सोडली.