चार नंबरची बरणी

इलारियॉन म्हणायचा, वाइनमध्ये काही मिसळणं
म्हणजे पाद्र्याच्या कानात डूल घालणं.
बेचाळीस वर्षं आमच्या तळघरात एकच चव नांदली.
त्याची.
तो गेला. तिसऱ्या हिवाळ्यात
मी पिंपाला नळी लावली,
तोंडानं ओढली, पहिला घोट गिळला
आणि अकरा बरण्या भरून घेतल्या.

पहिलीत क्विन्सची साल.
दुसरीत अक्रोडाच्या आतला कागदी पडदा,
जो सगळे फेकून देतात.
तिसरीत चेरीची वाळकी पानं, देठांसकट. देठ चुकले.
पाचवीत ओक: जुन्या मागाचा मोडका दांडा,
निखाऱ्यावर धरलेला,
कोळसा व्हायच्या जरासा अलीकडे थांबवलेला.
सहावीत तीन लवंगा. सहावीचं विचारू नका,
दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं होतं.
सातवीत काहीच नाही.
एकाला तरी साक्षीला कोरं ठेवावं लागतं.
आठ ते अकरा: मध, संत्र्याची साल, पुन्हा मध,
आणि एक जी फुटली.

चौथीत कडू दवणा.
कुंपणापाशी उगवतो, रुपेरी, बकऱ्यासुद्धा बगल देतात.
मे महिन्यात खुडायचा, माळ्यावर वाळवायचा,
एक काडी, दोन दिवस, की लगेच बाहेर,
असं माझी आई सांगे.
मी आख्खी जुडी टाकली. हात जड आहे माझा.
आणि त्याच रात्री तुदोसेच्या गाईला वासरू अडलं.
पहाटेपर्यंत गोठ्यात, कोपरापर्यंत ओली,
मग आठ दिवस तापानं अंथरुणात.
दवणा तेवढे दिवस
आपलं काम करत राहिला.

वासराचं ऋण फेडायला तुदोसे चाखायला आला.
पहिलीला मान डोलावली.
दुसरीला डोळे मिटले.
तिसरीला म्हणाला, "गवत."
पाचवीला टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
चौथी मी मुद्दाम शेवटी दिली.
तो काही बोलला नाही.
उठला, बाहेर गेला, बर्फात थुंकला,
चिमूटभर बर्फ तोंडात टाकलं, परत आला.
"झाम्फिरा," म्हणाला, "हिनं कुंपण रंगव.
वीस वर्षं कीड लागायची नाही."

वहीत लिहिलं: चार, ओतून टाकणे.

रविवारी ओलिम्पियाचा फोन, पादोव्हाहून.
तिथं ती सिन्योरा ऑग्युस्ताला सांभाळते,
एक्क्याण्णव वर्षांची, जिभेवरचं सगळं पुसलेलं.
गोड कळत नाही, खारट कळत नाही,
सूप पुढे केलं की विचारते, "पाणी का देतेस?"
"पण परवा, आई, गोळी गिळायची राहिली,
तोंडातच विरघळली. कडू जहर.
आणि म्हातारी हसली.
म्हणाली, हं, हे काहीतरी आहे."

फोन कानाला तसाच धरून
मी तळघराच्या पायऱ्या उतरले.

शुक्रवारी मिनीबस निघते. ड्रायव्हर फ्लोरेआ
किलोच्या भावानं सगळं नेतो:
चीज, लोकरी मोजे, एकदा शिलाई मशीन.
बाटली हलवून पाहिली, हुंगली,
माझ्याकडे बघितलं,
आणि पैसे निम्मेच घेतले.
चिठ्ठीत लिहिलं होतं: जेवणाआधी. अंगठ्याएवढं.

दोन आठवड्यांनी कळलं.
म्हातारीनं तोंड इतकं वाकडं केलं
की ओलिम्पिया डॉक्टरला फोन लावणार होती.
मग रिकामा पेला पुढे आला.
सूपही गेलं त्यामागून, अर्धी वाटी.

"तू चाखलीस का गं?" मी विचारलं.
तिकडे भांडी वाजली. नळ सुरू झाला, बंद झाला.
"हो," म्हणाली.
"आपल्या कुंपणासारखी लागते."

मी तुदोसेचं तिला सांगितलं नव्हतं.

रात्री वही काढली, ओतून टाकणे खोडलं,
शेजारी कृती लिहिली:
जुडी आख्खी. आठ दिवस. ताप.
ताप लागतोच की नाही,
ते पुढच्या वर्षी पाहू.