बेचिराग

पहिल्या फेरीत भिंती मोजल्या होत्या.
माती, कूड, वीट, दगड. मग छपरं.
माणसांची पाळी फेब्रुवारीत आली.

मौजा खापरझरी. अडाण नदीच्या अलीकडे दोन कोस,
डांबर संपतं तिथून पुढे नुसत्या बाभळी.
हे गाव कुणालाच नको होतं
आणि माझ्याकडे मोटारसायकल होती.

कोतवाल म्हणाला, "लिहा, उकंडा मेश्राम."
मी वर पाहिलं.
"माह्याआधी पाच गेले, मास्तर.
मंग मायनं मले सुपात घातलं, उकिरड्यावर ठेवलं,
अन् म्हने, घे, हा तं कचराच हाये.
कचरा कोन नेते?
राह्यलो."
वय लिहिलं एक्क्याऐंशी, अंदाजे.
त्या पाचांना रकाना नव्हता.

तहसिलीच्या बस्त्यात, लाल फडक्यात बांधलेलं
हे गाव मी आधी वाचून आलो होतो.
तिरकी मोडी, मध्येच फारसी.
इनामदार साहेब चष्मा पुसून पुसून
एकेक शब्द सोडवून देत होते:
मौजा. रकबा. खसरा. जमा.
कुठल्या मुलखातून चालत आलेले शब्द,
आमच्याच धुऱ्यावर बसले ते उठलेच नाहीत.
एका फसली सालापुढे एकटाच एक:
बेचिराग.
"ओसाड म्हणायची ही रीत," इनामदार म्हणाले.
"माणूस नाही असं लिहीत नसत.
दिवा नाही, असं लिहीत."

ते साल उकंडाला आज्याकडून तोंडपाठ.
मानमोडीची साथ. सकाळी एकाला पोचवून आलेला
संध्याकाळी खांद्यावर.
उरले ते लेकराबाळांसह शेतात पळाले,
खळ्यावर, मोहाखाली निजले, विस्तव न पेटवता.
नेमका त्याच रात्री कारकून आला.
"घोड्यावरनं उतरला बी नायी.
गाव काळंभोर. एक कुत्रं भुकलं.
लिहून गेला."

पुढची बावीस वर्षं गाव कागदावर मेलेलं.
सरकारी विहीर पडली ती पल्याडच्या गावाला,
शाळाही तिकडेच.
इथं मात्र शेख चांदचा तेलघाणा करकरत होता,
धुऱ्यावरून डोकी फुटत होती,
तुळसा आत्रामच्या मायनं तेवढ्यात
सत्तरेक पोरं आपल्या हातावर झेलली.
"मी बी त्यातलाच," उकंडा म्हणाला.
"जलमलो तवा गावच नोयतं."

दिवस कलला तेव्हा माझी बेरीज झाली.
घरं चौतीस, त्यात कुलूपबंद पंचवीस.
बायका चौदा, पुरुष नऊ.
सहा वर्षांखालचं एक, तेही आजीजवळ ठेवलेलं;
आईबाप चाकणला, कंपनीत.
बिस्मिल्लाबीनं चहात गूळ जास्त घातला
आणि विचारलं, पुढच्या खेपेला कोण येईल मोजायला?
मी म्हटलं, मीच.
दोघांनाही ते खरं वाटलं नाही.

मग टायर बसलं. चावडीत मुक्काम.

अंधार पडला तसा उकंडा निघाला,
एका हातात रॉकेलचा डबा, दुसऱ्यात टोपलं.
टोपल्यात खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या,
झाकणाला भोक, भोकात चिंधीची वात.
कुलपं लटकत होती त्या प्रत्येक दारात
तो वाकला, कमरेवर हात देऊन उठला,
पुन्हा वाकला.
पांडुरंग ढेंगळ्याचं घर नुसता ढिगारा,
त्या ढिगाऱ्यावरही एक.

मी मागनं चालत मोजत होतो. चौतीस.

"रिकाम्या घरात कशाले, बुवा?"
त्यानं वात जराशी वर ओढली.
"कारकून घोड्यावरनं कुठं उतरते, मास्तर."

मी दिवसभरात किती घरांपुढे
मोटारसायकल बंद न करताच हाक मारली होती,
ते आठवत पडून राहिलो.

पहाटे उठलो तर चावडीच्या पायरीवर
अजून एक बाटली होती,
काच काळवंडलेली, वात जळून संपलेली.
माझी आकडेवारी तेविसाची होती, तेविसाचीच दिली.
ती बाटली मात्र डिकीत आहे.
कधी खड्ड्यातून गेलो की वाजते.