विस्पसाठी स्थळ

ड्यूगल्डला जाऊन हा दुसरा हिवाळा.
डोंगराकडची जमीन विकली.
दोन हजार मेंढ्यांतल्या एकसष्ट ठेवल्या,
आणि विस्प.

विस्प हेडिंग जातीची. काळीपांढरी, नऊ वर्षांची.
भुंकणं तिच्या रक्तातच नाही.
कळपाला वळसा घालून पुढे जाते,
जमिनीसरशी दबून बसते, आणि बघते.
मेंढी मागे फिरते,
जणू हे तिने सकाळपासूनच ठरवलं होतं.
मलाही विस्प असंच हाकते.
साडेपाचला नुसती बघते,
मी वाचत असले तरी चष्मा ठेवून उठते.

फिलिपा डनीडनहून म्हणाली, आई, आता दुसरं आण.
तिला सोबत होईल.
कोणाला, ते मी विचारलं नाही.
तिने एक तक्ताही पाठवला:
जात, वजन, केस गळणे, आवाज,
वयस्कर मादीशी जमवून घेणे. पाचपैकी गुण.

मग स्थळं सांगून येऊ लागली.

प्लेझंट पॉइंटचा व्हिपेट. शर्यतीतून निवृत्त,
गरीब स्वभाव, पण थंडी सोसत नाही, त्याला गादी लागते.
इथे जुलैत बादलीतलं पाणी कुऱ्हाडीने फोडतो आम्ही.
टपालवाल्या बाईंचा फॉक्स टेरियर.
सशांचा बंदोबस्त करील, म्हणाल्या,
आणि फुलझाडांचाही, हे मात्र त्या बोलल्या नाहीत.
एक कॉर्गी, खानदानी.
तो टाचांना चावतो. घरात टाचा माझ्याच.

शेजारचा रेवी कुंपणावर रेलून म्हणाला,
दुसरी हेडिंगच घे. समान शील.
दोघींत शब्दाने शब्द वाढायचा नाही.
मी त्या रात्री डोळ्यांपुढे आणून पाहिलं:
शेगडीच्या एका बाजूला एक बघतेय,
दुसऱ्या बाजूला दुसरी,
मध्ये मी.
तिघींत मिळून एक आवाज, तोही किटलीचा.

हंटअवे म्हणजे नुसता घसा.
मागून भुंकत अख्खा डोंगर खाली आणतो.
ड्यूगल्डकडे कायम दोन असायचे,
आणि तिसरा तो स्वतः.
तो टिमारूला फोन लावायचा
तेव्हा टिमारूला फोनची गरज नसायची.

एकसष्ट मेंढ्यांना हंटअवे?
रेवी हसता हसता कुंपणावरून घसरला.
मुंगी मारायला तोफ!
तक्त्यातही आवाजाच्या रकान्यात
शून्याखाली दोन लाल रेघा होत्या.

तरी विस्पला शेजारच्या सीटवर घेऊन आल्बरीला गेले.
मुलगा दाखवायला त्यांनी साखळीने बाहेर आणला.
नाव बॅरल. दोन वर्षांचा, एक कान फाटका.
हुकूम नसताना भुंकतो म्हणून कामावरून काढलेला.
ढगांवर भुंकतो, मालकाने प्रामाणिकपणे सांगितलं.

विस्प खाली उतरली. दबून बसली. बघू लागली.
मी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं.
मेंढ्याला चार सेकंद लागतात,
ड्यूगल्डला साधारण दहा लागायची.
बॅरल भुंकतच राहिला.
अर्धा मिनिट. एक.
मग आयुष्यात पहिल्यांदा
विस्पने नजर काढून घेतली, जांभई दिली,
आणि चालत जाऊन त्याच्या भांड्यातलं पाणी प्यायली.
तो तिच्या डोक्यावरून भुंकत होता,
पण वाट सोडून, थोडा बाजूला सरकून.

दोघांची पत्रिका कोणी पाहिली असती
तर छत्तीसचा आकडा निघाला असता.
मी पाकिटातून पैसे काढले.

पहिल्या रात्री, साडेतीनला,
वाळत घातलेल्या पोत्यावर त्याने तोफ डागली.
मी अंथरुणातून ओरडले: गप!
खिडकीची काच थरथरली.
हा कोण ओरडलं, ते कळायला मला जरा वेळ लागला.
तो गप्प बसला नाही.

रविवारी फिलिपाचा फोन आला.
जमतंय का, असं काहीतरी विचारत असावी.
मागे अंगणात ढग आले होते.
काय? मी म्हणाले. मोठ्याने बोल!
मी तर मोठ्यानेच बोलतेय, आई, ती म्हणाली,
आणि तू का ओरडतेयस?