पहिले शंभर तास

डाव्या बाजूला खरखर होती.
तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तशी, मधूनच.
आणि दोन्हीकडे मिळून एक बारीक सूंऽऽ,
रात्री कूलर बंद केला की ऐकू येणारी.

प्रीअँप मीच जोडलेला, नोकरीत असताना,
ॲल्युमिनियमच्या पत्र्याला घरीच भोकं पाडून.
आतले दोन व्हॉल्व्ह तेव्हापासून तेच.
तो पिशवीत घालून निघालो, मे महिन्याच्या अकरा वाजता,
डोक्याला दुपट्टा बांधून.

इतवारीत, लोहा ओळीच्या मागे,
सोनकुसरेचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा
आणि एक पत्र्याची पेटी.
पेटीतला प्रत्येक व्हॉल्व्ह जुन्या लग्नपत्रिकेत गुंडाळलेला,
कुणाकुणाच्या शुभविवाहात एकेक.
मी म्हटलं, नवे द्या. त्या सोन्याच्या पायांच्या येतात ना, त्या.
"सोन्याचे पाय काऊन? लक्ष्मी आणून राह्यले का घरी?"

एक उलगडून त्यानं उजेडाकडे धरला.
"डोस्क्यावरची चांदी पाहा. आरशासारखी पाह्यजे.
दुधासारखी पांढरी झाली का समजा हवा घुसली.
मंग नाव किती का भारी असेना."
नावावरून अंगठा फिरवला. अक्षरं अंगठ्यावर आली.
"खरं असंच निघते. जे पुसता पुसत नाही ते कालचं छापलेलं."

माझ्या प्रीअँपमध्ये बसवून
पेन्सिलीच्या रबरानं काचेवर टकटक केली.
स्पीकरमधून टण्ण आलं, पितळेच्या ताटासारखं, लांबत गेलं.
मला आवडलं ते.
त्यानं उपटून बाजूला ठेवला.
"व्हॉल्व्हनं सोता वाजू नये. दुसऱ्याचं आयकावं अन् सांगावं, बस."

मग खोक्यातले नवे? मी विचारलं.
"तुमच्याकडे रात्री करंट किती येते?"
कधी मोजला नव्हता.
"दुपारी एकशेऐंशी. मोहल्ल्याचे कूलर बंद झाले का अडीचशेच्या वर.
कोऱ्या व्हॉल्व्हचा भरवसा नाही, भाऊ.
ज्याले जायचं असते तो पह्यल्या शंभर तासातच जाते.
तेवढा टिकला, का मंग दहा वर्सं कोणी विचारत नाही."

शेवटी दोन काढले,
कामठीकडच्या एका मोडीत निघालेल्या टूरिंग टॉकीजचे.
काच तळाशी काळवंडलेली, एकाची पिन वाकडी.
चिमट्यानं सरळ केली. मीटरवर
दोघांच्या सुया एकाच रेघेपाशी थांबल्या, चारदा पाहिलं तरी.

खरखर गेली.
"सूं आहे अजून," मी म्हणालो.
त्यानं माझ्या तोंडाकडे पाहत हात मागं नेला
आणि बटण बंद केलं.
तंतू केशरी होते, विटकरी झाले, विझले.
"आता?"
बाहेरून सळ्यांची हातगाडी चालली होती. ती जाऊ दिली.
"आहे," मी म्हणालो.

सोनकुसरे थोडा वेळ पत्रिकांचे कागद सारखे करत बसला.
मग स्वतःच्या उजव्या कानाला बोट लावलं.
"माही इकडे आहे. अठ्ठ्याण्णवपासून.
याची जोडी आपल्याकडे भेटत नाही."
पैसे घेतले, त्यातले पन्नास परत केले.
कशाचे, ते सांगितलं नाही.

आता प्रीअँपशेजारी एक वही आहे.
किती वाजता लावला, किती वाजता बंद केला.
मधल्या वेळात कुणी ना कुणी गातं, मी ऐकतो,
डावीकडचं जरा जास्तच लक्ष देऊन.
बारानंतर गल्ली थंडावते, करंट चढू लागतो,
मी उठतो, बंद करतो.
सूं असते. असू दे, तिचे तास मी लिहीत नाही.
कालपर्यंत एकसष्ट झाले.