अडतीत आलेला कॉम्प्युटर

शाहूपुरीत आमच्या अडतीत तो आला,
हळदकुंकू लावून घेतलं, नारळ फुटला.
चपला बाहेर.
आण्णाप्पा मगदूम तेवढे पायताणासकट आत:
"ह्यो काय दर फोडतोय व्हय?"
नाही हो, म्हटलं, नुसता लक्षात ठेवतो.
"मग माझ्यावानीच की."

चाळीस वर्षं टॉवेलाखाली
परक्यांची बोटं दाबून त्यांनी गुळाचा सौदा केला.
समोरच्याच्या तळव्याला घाम आला
की दर दहानं खाली.

दिवाळीआधी वीज गेली.
पडदा काळा, हिशोब गडप.
मगदूमांनी माझा हात टॉवेलाखाली ओढला,
डोळे मिटून
बोटाबोटानं आवक मोजत गेले,
रव्यापर्यंत बरोबर.
मधेच थांबले.
"हात गार का रं? जेवला न्हाईस?"

वीज आली तेव्हा
आम्ही पायरीवर भडंग खात होतो.