वेग : एकशे एकवीस

असाहिकावात फेब्रुवारीत बोलणंही गोठतं,
तरी रॉकेलच्या शेगड्यांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर,
आम्ही पाचजण दर गुरुवारी भांडतो
एका आकड्यावरून.

युकिनुशी : बर्फातलं पांढरं मुंगूस. वेग एकशे एकवीस.
बाकीच्या साऱ्या चपळ प्राण्यांचा, एकशे वीस.
एवढंच.
पण या खेळात जो आधी मारतो तोच मारतो,
दुसऱ्याचा वार
त्याच्या मनातच राहतो.

काझुशिगेने कागद आणलेत :
शंभरातल्या त्रेसष्ट संघांत हेच मुंगूस.
"हा खेळ नाही राहिला," तो म्हणतो, "हजेरीपट झालाय."
नात्सुहो हातमोजे न काढताच म्हणते,
"हरलात की बंदी. शिकायचं कधी?
तोड आहे ना!"

तोड आहे.
दोरोगाई. चिखलातली गोगलगाय. वेग अकरा.
तिला गोठवता येत नाही,
कारण ती आधीच थांबलेली असते.
मुंगूस दमेपर्यंत ती मार खाते, मग एकदाच हलते.
जगात तिला दुसरं कुणीच हरत नाही.

ती खेळवतो एकटा इत्तेत्सु-सान,
सदतीस वर्षं रेल्वेत सांधेवाला.
त्याचा मार्ग बंद झाला, रूळही उचलले,
पण अजून तो समोरच्याकडे बघतो
ते लांबून येणाऱ्या गाडीकडे बघावं तसं :
हा आता प्राणी बदलणार. बदलणार हे मला कळलंय
हे त्याला कळलंय. म्हणून नाही बदलणार.
की म्हणूनच बदलेल?
आणि बोट बटणावर ठेवून
घोटभर चहा पितो.

मी दिवसा दात बनवते.
चिनीमातीचे, परक्या तोंडांसाठी.
निळा कागद चावायला लावून डॉक्टर पाठवतात ठसा :
जिथे डाग गडद, तिथे दात उंच.
केसभर घासायचा.
घासला की भार जातो शेजारच्या दातावर,
तिथे उमटतो नवा डाग.
सुरुवातीला मी घासतच राहायचे.
एकदा अख्खी दाढ घासून संपवली,
आणि मालकीणबाई इतकंच म्हणाल्या,
"मिफुयु, तोंडाला चावायचंही असतं गं."

हे मी त्या रात्री सांगायला हवं होतं.

मतं पडली दोन विरुद्ध दोन.
इत्तेत्सु-सानचा हात बंदीच्या विरोधात,
खांद्याच्या वर जात नाही, तेवढाच वर.
मग सगळे माझ्याकडे.
खाली शेगड्यांच्या दुकानाचं शटर पडलं.
मला त्या महिन्यात सलग अकरा सामने
त्याच मुंगसाने गिळले होते.
न्यायाचा विचार केला म्हणाले तर खोटं होईल.
मी हात वर केला.

मार्चमध्ये नवा राजा आला,
एक ससाणा, वेग एकशे वीस,
काल ज्याची आम्हाला कीव यायची.
शंभरात अठ्ठावन्न.
काझुशिगेने नवे कागद छापलेत.
नात्सुहो येईनाशी झाली,
साप्पोरोत दुसरा गट मिळाला म्हणे.

इत्तेत्सु-सान येतो, सहा पस्तीसला, मिनिट न चुकता.
संघात पहिली गोगलगायच.
ससाणा तिला तीन चालींत उचलून नेतो.
तो वहीत तारीख लिहितो, हार लिहितो,
वेळही लिहितो.

काल जाताना बूट चढवता चढवता मी विचारलं,
काढून का टाकत नाही हिला? आता उपयोग काय?
त्याने नाडी बांधली. दुसरी बांधली.
"ते मुंगूस परत सोडणार असाल ना कधी,
तर आधी कळवा.
सांधा मी तेल घालून ठेवलाय."