पाण्यात मुरलेला वारा

ताप नाही. काटा अजून झोपेतच.
तरी वरची होज दाबून बघ, म्हणाला कुबात,
आणि मी दाबली.
दगड.
रात्रभर उणे बावीसमध्ये उभा होता ट्रक,
सुरू करून तीन मिनिटंही झाली नव्हती.
इतक्यात रबर असं ताठलं
तर ते उष्णतेचं काम नव्हे.

नारिनमध्ये जानेवारीत
लोक आधी विचारतात, कोळसा आहे ना?
मग तब्येत.
कुबातच्या कामाझमध्ये चौदा टन, काराकेचेचा,
आणि पुढे दोलोनची खिंड.
हे इंजिन मी ऑक्टोबरात बांधलेलं. नव्यानं.
आठ लायनर, आठ पिस्टन, आठ हेड,
माझ्या हातानं, माझ्या शब्दावर,
त्याच्या दोन दुभत्या घोड्यांच्या पैशात.

टाकीचं झाकण आधीच बदललं होतं.
माणूस स्वस्तातली चूक पहिली कबूल करतो.
थर्मोस्टॅट काढून चहाच्या पातेल्यात उकळला,
बहीण ओरडली, पातेलं पुन्हा घरात गेलं नाही.
तो मात्र उघडला, वेळेवर, बिचारा.
पंप फिरत होता.
उरलं ते एकच, आणि ते मला
झाकण बदलतानाच ठाऊक होतं.

म्हणतात, कुठंतरी पाणी मुरतंय.
इथं उलटं, पाण्यात वारा मुरत होता.
जिथं डिझेल पेटतं त्या खोलीला
कुठंतरी केसाएवढी फट,
दर धडाक्याला चिमूटभर धूर तिथून निसटतो
आणि टाकीत येतो बुडबुडा होऊन.
एवढंच.
पण मिनिटाला शेकडो चिमट्या,
आणि कोंडलेल्याला जायला जागा नाही.

ऐझिरेक टॉर्च घेऊन वर चढली,
माझी भाची, पंधरा वर्षांची,
रसायनात पहिली, नाक बाहीला पुसते.
टाकीत निळं तोसोल उसासे टाकत होतं.
"वास घे."
"डिझेल नाही, मामा. काहीतरी जळलेलं."

मग मी इंजेक्टरच्या नळ्या एकेक करून सैल केल्या.
एका वेळी एकच सिलिंडर उपाशी,
बाकी सातांनी ओढायचं.
ही येरमोलाईची रीत. ब्याण्णवमध्ये तो व्होरोनेझला गेला,
पाने इथंच ठेवून. म्हणाला, तिकडं असतीलच.
"पहिला?"
"येतायत."
दुसरा. येतायत.
तिसऱ्याला इंजिन खोकलं,
कुबातनं सिगरेट उलटी पेटवली.
चौथा, पाचवा, सहावा, येतायत,
बोटं मला माझी वाटेनाशी झाली होती.
सातव्याला ती काही बोलली नाही.
"ऐझिरेक?"
"थांबले. म्हणजे, एखादाच."
नट आवळला. "आले."
सोडला. "थांबले."

या इंजिनाचं एक बरं,
प्रत्येक सिलिंडरला स्वतःचं डोकं.
सातव्याचंच उतरवलं.
लायनरचा काठ नखाला लागायला हवा, सगळीकडे सारखा.
इकडे लागला.
पलीकडे नख सरळ निघून गेलं.
पिस्टन काढला, लायनर खेचला,
आणि खाली बैठकीत सापडला
जुन्या सीलचा वाळका पापुद्रा,
भाताच्या कोंड्याएवढा.

सातव्याच्या वेळी वीज गेली होती.
मी बोट फिरवलं होतं अंधारात.
बोटाला साफ वाटलं.

"गॅस्केट चिनी होतं का?" कुबातनं विचारलं.
वाट करून देत होता तो मला.
ऐझिरेक चिंधीला हात पुसत राहिली,
केव्हाच पुसून झालेले.
मी पापुद्रा त्याच्या तळहातावर ठेवला.
म्हणालो, माझं आहे.

त्यानं तो उजेडात धरला, उलटा, सुलटा.
मग काडेपेटीत ठेवला.
"पुढच्या वेळी पैसे सांगशील तेव्हा काढीन."
आणि मागे जाऊन
भरलेल्या मालातले चार खडे घेऊन आला शेगडीला.
रात्र मोठी होती.

दुसऱ्या संध्याकाळी इंजिन लागलं.
होज मी दाबली नाही. ऐझिरेकला सांगितलं.
"कशी आहे?"
तिनं दोनदा दाबली.
"दाबलं की दबते," म्हणाली,
आणि हातमोजे शोधू लागली.